दुःखात विश्वास कसा वाढतो

घरात मृत्यू झाला, कर्करोगाचं निदान झालं, पुरात संसार वाहून गेला, की आपल्या ख्रिस्ती घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘देवाची इच्छा’ हे एक. ‘देव परीक्षा घेतोय, विश्वास ढळू देऊ नका’ हे दुसरं. बोलणारे चांगल्या मनाचे असतात. पण ज्याच्या घरात अजून मांडव उतरलेला नाही, त्याच्या कानावर ही वाक्यं जड पडतात. तो मान हलवतो, ‘हो’ म्हणतो आणि आतल्या आत देवापासून थोडा लांब सरकतो.

हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याच्याकडे भेटीला जाणाऱ्यांसाठीही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुःखामुळे विश्वास आपोआप वाढत नाही. एकाच गल्लीत, एकाच पुरात बुडालेल्या दोन घरांपैकी एका घरातला माणूस पुढे जास्त प्रेमळ, जास्त खरा झालेला दिसतो आणि दुसरा कडवट होतो. उपासनेला येणं सोडतो, भावाशी बोलणं टाकतो. पाणी दोघांच्याही घरात सारखंच शिरलेलं असतं. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळी सांगितली आहे. आपण ती पाठ म्हणतो. पण प्रत्येक कडीला वेळ लागतो, आणि माणूस एकटा असेल तर ती मध्येच तुटू शकते, हे मात्र विसरतो.

साताऱ्याच्या वाचकांना रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही नावं नव्याने सांगायला नकोत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या आधी त्यांनी पत्नीला विश्वासात घेतलं नव्हतं. टिळकांवर आपलं कितीही प्रेम असलं, त्यांची गीतं आपण दर रविवारी गात असलो, तरी हे झाकून ठेवू नये. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, जातीबाहेर गेलेला, पदरात लहान मुलगा आणि भोवती बोलणारे नातेवाईक अशी काही वर्षं लक्ष्मीबाईंनी काढली. त्या पुन्हा टिळकांबरोबर राहायला आल्या तेव्हाही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं पाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला, वाद घातले, रडल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. म्हणजे सुमारे पाच वर्षं एक बाई देवाशी, नवऱ्याशी आणि स्वतःशी झगडत होती.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सगळ्यात जास्त काय भावतं, तर त्या बाईंनी आपलं दुःख नंतरच्या श्रद्धेच्या रंगाने रंगवलेलं नाही. राग आला तिथे राग आहे, हसू आलं तिथे हसू आहे. ‘हे सगळं किती छान झालं, कारण त्यातून मला प्रभू भेटला’ असा सूर त्या लावत नाहीत. आपल्या मंडळ्यांत साक्ष देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात नेमकं उलट होतं. पाच मिनिटांच्या साक्षीत दुःख पहिल्या मिनिटात संपतं आणि उरलेली चार मिनिटं विजयाची असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय, मला अजून रडू का येतं? साक्ष देणाऱ्यांना माझी विनंती आहे : मधली वर्षंही सांगा. प्रार्थना जमत नव्हती ते महिने सांगा.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांनी त्यात बंधुभावाने यावं, ही त्यांची कल्पना होती. पगार नसलेलं ते घर चालवण्याचा भार कोणावर पडला असेल, हे सांगायला नको. दोन वर्षांच्या आतच, 9 मे 1919 रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाई त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षं जगल्या. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या बाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांच्या शीलाची घडण 1895 पासून पुढची चाळीस वर्षं चालू होती. तुमच्या घरातल्या माणसाला चाळीसाव्या दिवशी ‘आता सावरा’ सांगण्याआधी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा.

आता तुम्ही स्वतः दुःखात असाल, तर सुरुवात कुठून करायची?

तक्रारीपासून करा. देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास नव्हे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. तेरावं उघडा, बेचाळिसावं उघडा, सत्याहत्तरावं उघडा. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. प्रभू येशूने वधस्तंभावर जी आर्त हाक मारली ती बाविसाव्या स्तोत्रातली आहे. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेपाशी तो रडला. मग आपण कोणासाठी हसरा चेहरा करतो?

रोज एक विलापस्तोत्र मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना. मग एका साध्या वहीत आपल्या शब्दांत देवाला लिहा. शुद्धलेखन बघू नका, धार्मिक शब्द शोधू नका. ‘तू कुठे होतास?’ हे लिहावंसं वाटलं तर लिहा. शेवटी जबरदस्तीने उपकारस्तुतीची ओळ जोडायची गरज नाही, ती येईल तेव्हा येईल. जो माणूस देवावर चिडून देवाशीच बोलतो, त्याचा विश्वास जिवंत असतो. मला काळजी वाटते ती बोलणं थांबवलेल्याची.

काही दिवस असे येतील की वहीही उघडवणार नाही. तेव्हा दुसऱ्यांच्या प्रार्थनेवर विसंबा. रविवारी मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, फक्त शेजारच्यांचं गाणं ऐका. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं टिळकांची आहेत आणि ती सगळी सुखाच्या काळात लिहिलेली नाहीत. प्रभुभोजनाला बोलावणं आलं की, मन कोरडं असलं तरी, पुढे जा. मंडळी याचसाठी असते. घरच्या प्रार्थनासभेला वीस माणसं नको वाटत असतील तर पाळकांना तसं मोकळेपणाने सांगा : दोघेच या, पंधरा मिनिटं या.

दुसरी गोष्ट दोषाची. ‘कोणत्या पापाची ही शिक्षा?’ हा प्रश्न आपल्या भागात ख्रिस्ती घरांतही खोल रुजलेला आहे. कर्म आणि भोग यांची भाषा आपल्या हाडामासात आहे, बाप्तिस्म्याने ती पुसली जात नाही. ईयोबाचे मित्र हाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून एक शब्द काढला नाही, तेवढंच काय ते चांगलं केलं. तोंड उघडल्यावर जे सांगितलं त्याबद्दल शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? प्रभू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नालाही त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

याला वैद्यकीय बाजूही आहे. अमेरिकेत केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी वयस्क आजारी माणसांचा सुमारे दोन वर्षं पाठपुरावा केला आणि 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाने मला टाकलं, देव मला शिक्षा करतोय, ही सैतानाची करणी, अशा विचारांत अडकलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूची जोखीम जास्त आढळली. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘काही कबूल करायचं राहिलंय का बघा’ असं सुचवणाऱ्या भेटकऱ्याने आपण काय करतो आहोत याचा विचार करावा. कोणाला खरोखर पापाची कबुली द्यायची असेल, तर तो स्वतः बोलेल. तुम्ही ऐका.

आणि कारणं असतात तिथे खरी कारणं बघा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. अफाट पाऊस, धरणांतला विसर्ग, नदीकाठची बांधकामं या सगळ्यांवर चर्चा झाली आणि अजून चालू आहे. ती चर्चा करणं हे ख्रिस्ती माणसाचंही काम आहे. ‘देवाचा कोप’ म्हटलं की पूररेषेबद्दल कोणी विचारत नाही. 1967 च्या 11 डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला, पाटण भागात माणसं झोपेतच गाडली गेली, त्यांत लहान लेकरं होती. त्यांच्या आईबापांना पापाचा हिशेब विचारणारा देव मला शुभवर्तमानात सापडत नाही.

इथे मला जरा थांबून एका गोष्टीवर जोर द्यायचा आहे, कारण या विषयावरच्या उपदेशांत ती सहसा येत नाही. सगळं दुःख सोसायचं नसतं.

नवरा दारू पिऊन मारतो आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात, ‘तुझा वधस्तंभ समजून उचल.’ हे शास्त्राचं विकृतीकरण आहे. प्रभूने वधस्तंभ स्वतःहून, जगाच्या तारणासाठी उचलला. मारणाऱ्याचा हात मोकळा राहावा म्हणून कोणी मार खात राहावं, असं त्याने कुठेही सांगितलेलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112 आहे. पाळकांनी अशा बहिणीला घरी परत पाठवण्याआधी तिला सुरक्षित जागा मिळेल का ते बघावं. प्रार्थना तिथेही करता येते.

पौल स्वतः काय करतो ते बघा. यरुशलेमेत त्याला फटके मारायला बांधलं, तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. संकटातून शील घडतं असं लिहिणाराच हा माणूस हक्काने दाद मागतो. आपल्या सातारा-सांगलीच्या मंडळ्यांतली बरीच कुटुंबं ज्या समाजांतून आली, त्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. 1956 मध्ये शिखांसाठी आणि 1990 मध्ये बौद्धांसाठी त्या आदेशात दुरुस्ती झाली, ख्रिस्त्यांसाठी नाही. गावात जात सुटत नाही आणि कागदावर ती मोजली जात नाही. ही वेदना निमूट सोसणं म्हणजे आध्यात्मिक परिपक्वता असं मी म्हणणार नाही. सनदशीर मार्गाने त्याविरुद्ध बोलणं हासुद्धा विश्वासाचाच भाग आहे.

औषधाचंही तेच. उपवास-प्रार्थना चालू आहे म्हणून इन्सुलिन बंद केलं, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या, असं घडतं. प्रेषितांच्या सोबतीला लूक होता आणि तो वैद्य होता. आपल्या परिसराने तर विश्वास आणि उपचार यांना कधी वेगळं केलं नाही. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला, मग मिरजेला गेले आणि 1894 मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. आज सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना वानलेसवाडी लागते, ती त्यांच्याच नावाची. 1906 मध्ये त्यांच्या पत्नी मेरी वारल्या. माणूस मायदेशी परतला असता तर कोणी नावं ठेवली नसती. ते 1928 पर्यंत राहिले, म्हणजे त्यानंतर आणखी बावीस वर्षं. क्षयाच्या रुग्णांसाठी आरोग्यधाम याच काळातलं.

दुःखातून बाहेर येणाऱ्याला सेवेची वाट सापडते ती अशी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल सांगतो की आपलं सांत्वन होतं ते आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं म्हणून. पंडिता रमाबाईंकडे बघा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, पदरी लहान मुलगी मनोरमा. पुढे 1897 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना केडगावला आणलं, त्यामागे स्वतःच्या भुकेची आठवण होती. 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई आपल्या मराठी बायबलच्या भाषांतराच्या कामाला पुन्हा बसल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

पण अशी उदाहरणं सांगताना धोका असतो, म्हणून एक सूचना. पहिल्या काही महिन्यांत सेवेचं मोठं काम अंगावर घेऊ नका. मंडळीत कोणाचा तरुण मुलगा गेला की आपण महिन्याभरात त्या बापाला संडे स्कूलची जबाबदारी देतो, ‘मन रमेल’ म्हणून. मन रमत नाही, दबतं. छोटं काम घ्या. दुसऱ्या आजाऱ्याला डबा नेणं, एखाद्या आजीला उपासनेला घेऊन जाणं, एवढं पुरे. मोठं काम पुढे आपणहून समोर येतं.

भेटीला जाणाऱ्यांसाठी थोडं. मिरजेच्या कुठल्याही हॉस्पिटलात दुपारी गेलात तर जत, आटपाडी, अथणी, चिकोडीकडून आलेले नातेवाईक जिन्यात, व्हरांड्यात बसलेले दिसतील. एकाच्या हातात औषधांची पावती, पैसे कमी पडल्यामुळे अर्धीच औषधं आणलेली. बाई सकाळपासून चहावर. अशा ठिकाणी बायबल काढण्याआधी विचारा, ‘जेवलात का?’ पावती हातात घ्या, मेडिकलमधून राहिलेलं औषध आणून द्या. रात्री थांबायला कोण आहे विचारा आणि एक रात्र तुम्ही थांबा. मग रुग्णाने म्हटलं तर प्रार्थना, दोन मिनिटांची, हळू आवाजात, कारण शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलेला असतो. ‘देव बरं करणारच’ असं वचन देऊ नका, ते वचन तुमचं नाही. ‘आम्ही सोबत आहोत’ हे वचन तुम्ही पाळू शकता. भेट पंधरा मिनिटांत आटोपा आणि पुढच्या आठवड्यात परत जा. बहुतेकांना पहिल्या आठवड्यात माणसं पुरून उरतात आणि तिसऱ्या महिन्यात फोनही येत नाही.

दुःख आणि नैराश्य यांतला फरकही ओळखता आला पाहिजे. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, कशातच मन नाही, असं दोनेक आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही आहे. मरणाचे विचार हा विश्वासाचा पराभव समजू नका. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं आणि दोनदा जेवू घातलं. पुढचा प्रवास त्या जेवणाच्या बळावर झाला.

विश्वास वाढला हे कळतं कसं? मला तरी त्याची खूण चेहऱ्यावरच्या तेजात दिसलेली नाही. सल्ला द्यायची घाई कमी होते. दुसऱ्याच्या रडण्याने माणूस बावरत नाही. प्रार्थना लहान होतात आणि खऱ्या होतात. पैसा, मान, भाऊबंदकी यांवरून होणारी भांडणं क्षुल्लक वाटू लागतात. अमेरिकेतल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीचा 1990 च्या दशकापासून अभ्यास केला. आघात स्वतः माणसाला वाढवत नाही, नंतरच्या झगड्यातून वाढ होते आणि ती होत असतानाही वेदना चालूच राहू शकते, असं ते सांगतात. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही, हे आपल्याला आधीपासून वाचायला मिळालेलं आहे. म्हणून डोळ्यांत अजून पाणी येतं एवढ्यावरून स्वतःला कमी विश्वासाचे ठरवू नका.

घरात मुलं असतील तर त्यांना खरं सांगा. ‘बाबा देवाला आवडले म्हणून देवाने नेले’ असं म्हटलं की मूल देवाला घाबरतं. बाबा आजारी होते, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ते वारले, आपल्याला त्यांची आठवण येणार आणि प्रभूने पुनरुत्थानाचं वचन दिलं आहे, एवढं मुलाला कळतं. कबरस्तानात त्याला बरोबर न्या. तुम्ही रडलेलं त्याने पाहिलं तरी चालेल.

एक काम या रविवारी करा. गेल्या वर्षभरात तुमच्या मंडळीत ज्यांच्या घरी मृत्यू झाला किंवा मोठं आजारपण आलं, त्यांची नावं पाळकांना विचारून घ्या. ज्या घरी सहा महिन्यांत कोणी भेटायला गेलेलं नाही, ते घर निवडा. जाताना जेवणाचा डबा न्या, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याच्याविषयी विचारा आणि घरचे बोलू लागले की मध्ये बोलू नका.